पहिल्या पाळीचा हक्क

एकोणिसाव्या शतकात खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याने भाटघरचे पाणी ज्यांच्या उसापर्यंत आणून पोहोचविले, त्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बागायतदारांस पाळीचे महत्त्व कोणा संख्याशास्त्रज्ञाने येऊन समजावून द्यावे लागत नाही. चारीच्या शेवटाकडून वर सरकणाऱ्या शेजपाळीत आपला क्रम कितवा, यावरून येथे तंटे होतात आणि त्यांच्या तक्रारी पाटबंधारे खात्याच्या दफ्तरापर्यंत जातात. तथापि याच बागायतदारांची मुले माझ्या वर्गात बसलेली असताना, दोघांनी आळीपाळीने नाणे उडवावे व ज्याचा छापा प्रथम पडेल तो जिंकला, असा खेळ मी फळ्यावर मांडला, की नाणे निर्दोष असल्याकारणाने दोघांचा हक्क निम्मानिम्मा, असे उत्तर बहुतेक जण बिनदिक्कत देतात.

हे उत्तर चूक आहे. पहिल्या गड्याची पहिली फेक वाया जाण्याचा संभव 1/2. ती वाया गेली की नाणे दुसऱ्याच्या हाती येते, आणि त्या क्षणी तो सर्वार्थाने पहिल्याच्या मूळ स्थितीत उभा असतो, हे ज्याच्या ध्यानी आले त्यास अनंत श्रेढीची बेरीज मांडण्याचेही कारण उरत नाही. दुसऱ्याचा संभव पहिल्याच्या नेमका निम्मा, म्हणून वाटणी 2/3 आणि 1/3. तिघे भाऊ खेळावयास बसले तर हीच वाटणी 4/7, 2/7 आणि 1/7 अशी होते. धाकट्याने रुसावे हेच रास्त.

डच पंडित क्रिस्तियान हॉयगेन्स याने 1657 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दोन फाशांचा असाच एक मामला सोडविला आहे. एकाने सहाची बेरीज पाडावयाची, दुसऱ्याने सातची. 36 प्रकारांपैकी सहाचे 5 आणि सातचे 6, परंतु पहिली फेक सहावाल्याची. हिशेब सातवाल्याच्या बाजूने अवघा 31 ला 30 असा उतरतो, म्हणजे केवळ आरंभाच्या मानामुळे दुबळा पक्ष बलिष्ठाच्या जवळजवळ बरोबरीस येतो. यश जितके दुर्मिळ तितका मात्र हा मान हलका: एकाच फाशाने सहा पाडावयाचे असतील तर वाटणी 6/11 आणि 5/11.

मग न्याय कसा करावा? पहिल्यास एक फेक आणि पुढे प्रत्येकास दोन-दोन, ही तोड मुले हटकून सुचवितात. ती चांगली असली तरी पुरती नाही, कारण पहिल्याचा संभव 2/3 वरून 3/5 वर उतरतो, निम्म्यावर येत नाही. निखळ समानता हवी असल्यास पहिल्यास एकच फेक देऊन पुढील साऱ्या फेकी दुसऱ्यास बहाल कराव्यात; गणिताच्या दृष्टीने ही वाटणी बिनचूक आहे, पण असला खेळ इंदापूरच्या पारावर कोणी खेळेल असे मला वाटत नाही.

ज्यांस हे सारे कागदी वाटते त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरातील मुलांस नव्वद डाव खेळावयास बसवावे, पहिली फेक दर डावी एकाच मुलास द्यावी, आणि त्याचे विजय साठाच्या आसपास पडतात की नाही याची स्वतः रुजवात घ्यावी.