चकली, पिंजरा आणि मी

'आपल्या घरात कुत्रं येणार नाही' हा आमच्या घरातला जुना ठराव. तो मुलीने एका संध्याकाळी मोडीत काढला. झालं असं, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू दोन दिवस पावसात केकाटत होतं. आईचा पत्ता नाही, भावंडं नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ते आमच्या पायपुसण्यावर झोपलेलं. गव्हाळ रंग, पाठीवर गोल वळलेली शेपटी. त्यामुळे नाव आधीच ठरलं होतं - चकली!

डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, साधारण आठ आठवडे. मी मोठ्या मनाने अट घातली. पंधरा दिवसांत शू-शीची शिस्त लागली तर राहील, नाहीतर दुसरं घर शोधायचं. मुलीने लगेच मान डोलावली. चकलीला मात्र ही अट कोणी सांगितली नव्हती.

पहिल्या आठवड्यात तिने घरातली एकही खोली वगळली नाही. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांची होईपर्यंत, तिला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पार्व्होचा विषाणू मातीत खूप काळ टिकतो आणि लहान पिल्लांचा जीव घेतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणून गॅलरीत एका मोठ्या ट्रेमध्ये माती आणि हरळी लावली. चकली तिथे जायची, हरळी चावायची, कावळ्यांकडे बघायची आणि आत येऊन निवांतपणे हॉलच्या मध्यभागी कार्यक्रम उरकायची.

मग मी आमच्या पिढीला ठाऊक असलेला उपाय केला. मानगूट धरून नाक त्या जागेवर नेलं, ओरडलो आणि वर्तमानपत्राच्या सुरळीचे दोन फटके दिले. असं तीन-चार वेळा झालं. त्यानंतर फरशी एकदम कोरडी! दोन दिवस मी घरात कॉलर ताठ करून फिरत होतो. "बघा, वळण असं लावतात."

रविवारी घरात वास यायला लागला. सोफा ओढला. त्याच्यामागे. पुस्तकांचं कपाट सरकवलं. त्याच्यामागेही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'घरात करू नकोस' असं मी शिकवत होतो. ती शिकली होती 'याच्यासमोर करू नकोस'. आणि गॅलरीत तरी कोण उभं असायचं तिच्यासमोर? मीच. म्हणजे जिथे करायला हवं तिथे ती माझ्या भीतीने आवरून धरत होती.

पण हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त चिडलो होतो. जोरात हाक मारली. ती पोट घासत, कान पाडून आली आणि माझ्या पायाशीच तिला शू झाली. मी हात उचलला.

दिवाणावर जपमाळ घेऊन बसलेली आई म्हणाली, "मारू नकोस रे. भीतीने होतेय तिला. तुझीही व्हायची."

हात तसाच खाली आला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी दहा वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचो. आम्ही तेव्हा वाड्यात राहत होतो. सकाळी गादी कठड्यावर वाळत पडली की सगळ्या वाड्याला बातमी कळायची. बाबा वाईट नव्हते, पण त्यांनाही एकच उपाय माहीत होता. तो त्यांनी मनापासून केला. मी त्यातून काय शिकलो? चादर उलटी करून घालायला. ओली चड्डी बादलीत सगळ्या कपड्यांच्या तळाशी दडपायला. संध्याकाळनंतर तहान मारायला. आणि शाळेची रायगडाची मुक्कामाची सहल निघाली तेव्हा पोट दुखतंय असं सांगायला. आता कळतं, की बऱ्याच मुलांची झोप गाढ असते आणि मूत्राशयाचा ताबा उशिरा येतो. त्यात त्या मुलाचा काही गुन्हा नसतो. पण सोफ्यामागे जाणं मला चांगलं ओळखीचं होतं.

मग जरा वाचायला बसलो. आपण म्हणतो ना, 'बघ कसं अपराधी तोंड केलंय, हिला चूक कळते'? अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊला तोंड लावू नकोस असं बजावून मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटं. ते 'अपराधी' तोंड कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हताच. ती फक्त आपली भीती होती!

डॉक्टरांनी क्रेट आणायला सांगितलं. तारांचा तो खोका बघून आई म्हणाली, "पिंजरा? ही काय वाघ आहे?" आईची शंका अगदीच गैर नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला असं कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणून आम्ही आपापसात ठरवलं. शिक्षा म्हणून एकदाही आत घालायचं नाही. दार लावायचं ते फक्त रात्री, आणि तेही क्रेट माझ्या पलंगाशेजारी ठेवून. तेसुद्धा ती आपणहून आत जायला लागल्यावरच.

पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करायला लागतात. क्रेटचा सगळा उपयोग या सवयीवर आहे. त्यामुळे आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा हवी. जास्त असली तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात संडास! आमचा क्रेट मोठा होता, म्हणून मध्ये आडोसा लावला. आत आईच्या जुन्या नऊवारीची गोधडी घातली. पहिले चार दिवस दार उघडं ठेवून फक्त आत खाऊ टाकत राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी बघतो तर बाईसाहेब आपणहून आत जाऊन घोरत होत्या.

बाकी सगळं घड्याळाचं काम. झोपून उठली की गॅलरी, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी गॅलरी, खेळून झालं की गॅलरी. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, फार तर तितके तास ते दिवसा थांबू शकतं असा ढोबळ हिशोब आहे. दोन महिन्यांच्या चकलीकडून मी सहा तासांची अपेक्षा करत होतो! योग्य जागी झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. चुकली तर न बोलता पुसायचं. तेही एन्झाइमच्या द्रावणाने. फिनेलने आपल्या नाकाला फसवता येतं, तिच्या नाही.

हे घड्याळ कोणी सांभाळलं? आईने. कालनिर्णयच्या चौकोनांत, एकादशी आणि संकष्टीच्या शेजारी, ती पेन्सिलीने बारीक फुल्या मारायला लागली. एकदा मी म्हटलं, "तुला बरं जमतं गं हे." ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या वेळचा सराव आहे. रात्री दोनला उठवून न्यायचे तुला. तुझ्या बाबांना कळू न देता."

मला काहीच आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवलं... वाड्याच्या टोकाचा संडास, कंदिलाचा उजेड, खांद्यावर एक हात. हे मला इतकी वर्षं स्वप्न वाटत होतं. आणि ज्या सकाळी गादी कोरडी असायची, ती मला माझ्या धाकाने आलेली शिस्त वाटायची. बाबांनाही तसंच वाटत असणार. ते आता नाहीत, नाहीतर विचारलं असतं.

पंधरावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी चकलीने घरात दोनदा केली. अटीचा विषय कोणीच काढला नाही, मीही नाही.

आता सहा आठवडे झालेत. चकली गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि नाकातून एक बारीक 'हूं' काढते. आठवड्यातून एखादी चूक होते. रात्री दोनच्या सुमाराला ती अजून कुणकुणते. मी उठतो, तिला उचलतो आणि पावसात भिजलेल्या हरळीवर ठेवतो. परत येताना आईच्या अंधाऱ्या खोलीतून रोज आवाज येतो,

"झाली का रे?"

"झाली, आई. झोप आता."