मुखपट्टी आणि व्यायाम

आमच्या भिवंडीत 2020 सालापूर्वी मुखपट्टी दोनच ठिकाणी पाहावयास मिळे. एक स्थानकवासी जैन साधुसाध्वींच्या मुखावर आणि दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या. पहिली सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून, दुसरी आपल्या श्वासाची बाधा रुग्णास होऊ नये म्हणून. करोनाच्या साथीत ती सर्वांच्याच मुखावर चढली. एप्रिल 2022 मध्ये गुढीपाडव्याच्या सुमारास राज्य सरकारने तिची सक्ती उठविली, तरी कित्येकांच्या ती अशी अंगवळणी पडली आहे की पहाटे वऱ्हाळा तलावाच्या बाजूस फिरावयास येणाऱ्यांत दोनचार मुखे आजही झाकलेली असतातच. त्यांस हसण्याचे कारण नाही. ज्या गावात यंत्रमागांच्या खडखडाटाबरोबर कापसाचे तंतू हवेत उडतात, आणि ज्याच्या वेशीवरील गोदामांकडे मालमोटारींची रांग अहोरात्र लागलेली असते, तेथे नाकावर फडके धरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेच फडके बांधून धावू लागणे ही गोष्ट निराळी, आणि या दोहोंतील भेद पुष्कळ सुशिक्षित घरांतही ध्यानात घेतला जात नाही.

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास बारा ते वीस वेळा श्वास घेतो व दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा आत ओढतो. म्हणजे मिनिटाचा हिशेब सहापासून दहा लिटरांपर्यंत जातो. तोच मनुष्य तरुण असून जिवाच्या कराराने धावू लागला की हाच आकडा शंभर लिटरांच्याही पुढे जाऊ शकतो. कापडाच्या ज्या छिद्रांतून सहा लिटर सहज जात होते त्यांतूनच आता शंभर ओढावयाचे! निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू त्यामुळे फारसा घटत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत आढळले आहे. पण श्वास ओढण्याचे श्रम वाढतात आणि धाप लवकर लागते. त्यात घामाने कापड भिजले म्हणजे छिद्रे बुजतात व ओलाव्यात जंतूंस आश्रय मिळतो. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने, साथ ऐन भरात असताना, जून 2020 मध्येच, व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, अंतर राखावे, असे सांगितले होते. आणखी एक मौज अशी की जोराने ओढलेली हवा नेहमी सोपी वाट शोधते. पट्टी सैल असली तर ती नाकाच्या बाजूच्या फटींतून गाळल्यावाचूनच आत शिरते. म्हणजे श्रम पुरे आणि संरक्षण अर्धे.

हे सारे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाचे. तो पोलीस भरतीची तयारी करतो. तेथे मुलांस सोळाशे मीटर धावावे लागते आणि सेकंदासेकंदावर गुण ठरतात. लहानपणी त्यास दम्याची धाप लागत असे. त्यामुळे भरतीच्या नावानेच त्याच्या आईचा जीव खालीवर होतो. मैदानावरील सोबत्यांनी त्यास एक काळी रबरी मुखपट्टी आणून दिली. ती लावून धावले असता उंच पर्वतावर सराव केल्याचे फळ मिळते, अशी तिची ख्याती! एके दिवशी चौथ्या फेरीस त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली व तो मैदानाच्या कडेस बसला. घरी आल्यावर आईने पट्टी हिसकावून घेतली, तेव्हा तो मजकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्हीच सांगा हिला. प्राणायामातही श्वास रोखतातच ना? यानेच दम वाढतो."

प्रश्न चांगला होता, म्हणून मी त्यास समोर बसवून घेतले. पर्वतावर हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण खालच्याइतकेच, एकवीसच्या आसपास, असते. कमी होतो तो हवेचा दाब. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीवर हा दाब समुद्रकाठच्या सुमारे चार पंचमांश उरतो, म्हणून तेथे शरीरास निराळी सवय लावून घ्यावी लागते. मुखपट्टी दाब कमी करीत नाही. ती केवळ वाट अरुंद करते. फार तर छातीच्या स्नायूंस थोडा व्यायाम घडेल. पर्वत काही भिवंडीस येत नाही. राहिला प्राणायाम. 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचे यंत्रांनी मापन करण्यास आरंभ केला. पण प्राणायामाचा साधक आसनस्थ असतो, त्याच्या देहाची मागणी अगदी अल्प असते. धावणाऱ्याची मागणी दसपट वाढलेली असताना त्याचा पुरवठा आवळणे यास प्राणायाम म्हणणे म्हणजे उपासमारीस एकादशी म्हणण्यासारखे आहे.

मग मी त्यास सुश्रुताचे मत सांगितले. व्यायाम करणाऱ्याचा हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागला की त्याचे अर्धे बल खर्ची पडले असे जाणावे, असे लक्षण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दिले आहे. व्यायामाची मर्यादाही तेथेच घातली आहे. भरतीच्या उमेदवारास त्या मर्यादेपलीकडे जावे लागते हे मला कळते. पण ते जाणे उघड्या तोंडाने, मोकळ्या हवेत आणि डॉक्टरांस छाती दाखवून व्हावे, इतकेच माझे म्हणणे. डॉक्टरांनी त्यास तपासले, धावण्यापूर्वी ओढावयाचे औषध ठरवून दिले आणि काळी पट्टी मात्र बंद केली. आता तो मालमोटारींच्या रस्त्यापासून दूरच्या मैदानावर जातो. त्याच्या आईची धास्ती गेलेली नाही. ती घड्याळाकडे पाहत दारातच उभी असते.

तथापि मुखपट्टी टाकूनच द्यावी असे नव्हे. धुळीच्या रस्त्याने चालत जाणे भाग असेल, किंवा दाटीवाटीच्या बंद व्यायामशाळेत साथीच्या दिवसांत जावे लागत असेल, तर ती जरूर लावावी. मात्र गती इतकी ठेवावी की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. एकादे वाक्य मध्येच तुटू लागले की थांबावे, बाजूस एकांतात जाऊन पट्टी उतरवावी. एक कोरडी पट्टी खिशात असावी. ज्यावर झडप असते ती सुखाची वाटते खरी. पण तीतून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही, म्हणून सर्दीखोकला झालेल्याने ती लावण्यात परोपकार नाही. त्याने तर त्या दिवशी व्यायामच करू नये. धूर आणि वायू यांतील फरकही ओळखावा: चांगली एन-95 पट्टी योग्य बसली तर धुराचे बारीक कणही शेकडा पंचाण्णवपर्यंत अडविते, पण मोटारींच्या धुरातील विषारी वायू तिला जुमानीत नाहीत. दोन वर्षांच्या आतील बालकास तर कोणतीच पट्टी बांधू नये.

हे सर्व ज्यास वेळ व जागा निवडता येते त्याच्यासाठी झाले. आमच्या गावात सहस्रावधी माणसे अशी आहेत की ज्यांचा व्यायाम म्हणजेच त्यांचा रोजगार. कापडाचे तागे पाठीवर घेऊन जिना चढणारा हमाल धावणाऱ्यापेक्षा कमी धापा टाकीत नाही. कापसाच्या धुळीने छाती आवळण्याचा जो विकार होतो तो पिंजण व कताईच्या खात्यांत अधिक, विणकामात त्या मानाने कमी. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्याच दिवशी तो जास्त जाणवतो. तो हमाल गमछा तोंडास गुंडाळतो आणि त्याची वीण बारीक धूळ रोखीत नाही. त्यास एन-95 दिली तर उष्म्यात तासभरही ती ठेववत नाही. तेथे उपाय माणसाच्या मुखावर नसून कारखान्याच्या भिंतीत आहे: हवा बाहेर ओढणारे पंखे, कोरड्या झाडूऐवजी धूळ शोषून घेणारे यंत्र, आणि जड ओझ्यानंतर उघड्यावर घटकाभर विसावा. मागवाल्या मालकांपैकी कित्येक माझे विद्यार्थी आहेत. भेटले की हे मी त्यांस सांगत असतो, आणि दोघांनी पंखे बसविलेही आहेत.