फांद्यांच्या उंचीवरून

गिरगावातल्या आम्हा चाळकऱ्यांची मलबार हिल म्हणजे हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, बुटात चढायचं आणि येताना चौपाटीवर भेळ खायची. टेकडीच्या उतारावरचं दाट रान मात्र खालूनच दिसायचं. तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. २०२५च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, महापालिकेने याच रानातून उन्नत मार्ग खुला केला आणि मी कॅमेरा घेऊन निघाले.

सिरी रोडने वर यायचं, ऑनलाइन काढलेलं पंचवीस रुपयांचं तिकीट दाखवायचं आणि आत शिरायचं. ४८५ मीटर लांबीची ही लाकडी वाट जेमतेम २.४ मीटर रुंद आहे. पहाटे ५ला उघडते. सकाळी लवकर जावं, कारण तेव्हा ऊन पानांवर तिरपं पडतं. बहुतेकांची धाव टोकाच्या सज्जाकडे असते. तिथे पायाखाली काच आणि समोर गिरगाव चौपाटीचा समुद्र. तो फोटो मीही काढला, पण मन रमलं ते आधीच्या वळणांवर.

मुंबईत आपण झाड बघतो ते खालून, मान वर करून. इथे फांदीच कठड्याशी येते. एका फांदीवर ओंबिल मुंग्यांचं घरटं दिसलं. हिरवी पानं एकमेकांना पांढऱ्या रेशमाने चिकटवलेली. हे रेशीम त्यांच्या अळ्यांचं असतं. कामकरी मुंग्या अळ्यांना तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात आणि पानं जोडत जातात. श्वास रोखून फोकस लावला. मागून येणारी मंडळी थांबली, वाकून बघू लागली, एका लहान मुलीला तिच्या आजोबांनी उचलून धरलं. आपल्या शहरात उंचावरचे रस्ते बांधतात ते गाड्या लवकर पोचाव्यात म्हणून. माणसाने रेंगाळावं म्हणून बांधलेली ही वाट मला म्हणूनच मोलाची वाटते.

भाऊ जर्सी सिटीत राहतो. त्याच्याकडे गेले असताना वहिनीने अशीच एक उंचावरची वाट, न्यूयॉर्कची हाय लाइन, दाखवली होती. १९३४ साली सुरू झालेली ती मालगाड्यांची उन्नत रेल्वे. गाड्या थेट कारखान्यांच्या वरच्या मजल्यांशी जाऊन लागायच्या. १९८०मध्ये शेवटची गाडी गेली आणि रुळांत आपोआप गवत, रानफुलं उगवली. ती पाडायचं घाटत होतं, तेव्हा १९९९मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड यांनी ती वाचवायला संस्था काढली. जोएल स्टर्नफेल्ड या छायाचित्रकाराने पुढे ऋतूमागून ऋतू तिथे जाऊन फोटो काढले. वर एवढी हिरवळ आहे हे लोकांनी त्या फोटोंतच पहिल्यांदा पाहिलं, आणि २००९मध्ये तिथे केलेल्या बागेचा पहिला टप्पा उघडला. रूळ आजही तिथे झुडपांमध्ये ठेवलेत. मी त्यांचेच सगळ्यांत जास्त फोटो काढले. सपाट प्रकाशात गंजाचा रंग फार सुंदर येतो.

दोन्हीकडचे फोटो शेजारच्या काकांना दाखवले. त्यांचा जन्म गोदीतल्या नोकरीत गेला. हाय लाइनचे रूळ बघून त्यांना लगेच पोर्ट ट्रस्टची रेल्वे आठवली. ती १९१५ साली सुरू झाली. बॅलार्ड पिअर ते वडाळा. धान्य, कापूस, कोळसा, सगळं तिच्यावरून गेलं. परळ-लालबागच्या गिरण्या पाडल्या गेल्या, तेव्हा फार थोड्यांनी आतून फोटो काढून ठेवले. या रेल्वेचं जे उरलंय त्याचं तसं होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. तिचीही हाय लाइनसारखी बाग होईल तेव्हा होईल, आधी ते नीट टिपून ठेवायला हवं. कोणती साइडिंग कुठे होती, कुठल्या गोदामाशी काय उतरायचं, हे काकांना तोंडपाठ आहे. पावसाळ्याआधी त्यांना घेऊन शिवडीकडून सुरुवात करायचं ठरलंय.