भिंतीतला जोड

शिरूर अनंतपाळला अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर एक विकाऊ घर कळलं. पुढे दगडी माळवद, मागे सिमेंटच्या दोन खोल्या, मधे अंगण. माझी शाळा पायी दहा मिनिटांवर. पहिल्याच दिवशी मी मनात स्वयंपाकघराची मांडणी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन गेले. मामा जन्मभर गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, त्यानंतर दोन वर्षं ते त्या भागात पुनर्वसनाच्या कामावर होते. त्यांनी अंगण पाहिलं नाही. हातोडीनं भिंत ठोकत पुढे सरकत गेले आणि एका जागी थांबले.

"हितं पोकळ वाजतंय बघ, पोरी. भाईरचा पदर येगळा, आतला येगळा. जोडच न्हाई हिच्यात."

आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात, म्हणून भक्कम वाटतात. पण बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे आणि मधे चिपा-मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड नसेल तर हादऱ्यात पदर सुटतात. वर माळवदाची माती, गळती थांबवायला वर्षानुवर्षं थरावर थर घालून जड झालेली. त्या पहाटे हजारो माणसं अशाच घरांखाली झोपेत गेली. मामांनी तिथेच ठरवलं, माळवद उतरवायचं. म्हणजे आम्ही किंमत द्यायची ती जागेची आणि मागच्या दोन खोल्यांची. त्या खोल्यांच्या कोपऱ्याशीही त्यांनी मालकाला विचारून खड्डा घेतला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत गेलाय का ते त्यांना पाहायचं होतं. गेला होता.

आता फक्त इसार द्यायचा राहिला, असं मला वाटलं. मालकांनी घरपट्टीचा उतारा दाखवला. त्यावर दोन भावांची नावं. तो घेऊन आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "हा कराचा उतारा आहे. घरपट्टी कुणाच्या नावानं लागते ते यातून कळतं. मालकी कळत नाही. घर या भावांकडे आलं कुठून?"

मग कागद निघू लागले. वडिलांनी १९७८ साली केलेलं खरेदीखत सापडलं. त्यातली चतुःसीमा आम्ही जागेवर उभं राहून मोजून पाहिली. दुय्यम निबंधक कार्यालयातून तीस वर्षांचा शोध घेतला, कुठे गहाणखत नव्हतं. पण वडील मृत्युपत्र न करता गेले होते, आणि त्यांना दोन मुलीही होत्या. थोरली उदगीरला, धाकटी निलंग्याला.

"बहिणींनी कधीच हक्क सोडलाय," भाऊ म्हणाले.

"लिहून?"

"लिहून कशाला? घरातलीच बाब आहे."

वकिलांनी आम्हाला शांतपणे समजावलं. वडिलांनी स्वतः घेतलेल्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तोंडी सोडलेल्या हक्काच्या भरवशावर घर घेऊ नये, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. नाहीतर बहिणींनीही खरेदीखतावर सही करायला हवी.

नातेवाईक म्हणत होते, इथे सगळे असंच घेतात, कुणाची बहीण कोर्टात गेलीय? मन माझंही डळमळलं. पण त्या रात्री झोप लागली नाही. माहेरच्या शेताच्या कागदावर मीही अशीच सही करून आले होते. काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं, कुणी वाचून दाखवलं नव्हतं. दुसऱ्या बाईचा हक्क तसाच गाडून त्यावर मला माझी चूल मांडायची नव्हती.

आम्ही उदगीरला गेलो. थोरल्या बाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा वाटा मला पाहिजे." भाऊ चिडले. व्यवहार चार महिने लटकला, दोनदा मोडता मोडता राहिला. धाकटीनं काही मागितलं नाही. शेवटी भावांनी थोरलीचा वाटा मान्य केला आणि तिच्या नावाचा चेक वेगळा निघाला. चौघांनी साठेखतावर सह्या केल्या, त्यानंतरच आम्ही इसार दिला, तोही चेकनं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

खरेदीखत माझ्या नावावर झालं. राज्यात २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि आमच्या हिशेबात ती रक्कम लहान नव्हती. लिहून देणार म्हणून चार नावं होती, दोन भावांची आणि दोन बहिणींची. सूची क्रमांक दोनची प्रत घेऊन मी नगरपंचायतीत नाव लावायचा अर्ज दिला. तो दिल्याशिवाय घरी आले नाही.

मामांनी माळवद उतरवलं. त्याच दगडांची आवारभिंत बांधताना थोड्या थोड्या अंतरावर ते एक लांब दगड आरपार घालायचे आणि मला हाक मारून दाखवायचे. तेव्हा मला ते खरेदीखत आठवायचं. दोन भावांच्या सह्यांचा कागदही वरून जाडजूड दिसला असता. आतून तो त्या माळवदाच्या भिंतीसारखाच सुटा होता. बहिणींच्या सह्यांनी त्याला जोड मिळाला.

शाळेतल्या बाया आता घर घेण्याआधी मला विचारतात. मी त्यांना भिंत ठोकून पाहायला सांगते, पाया उकरून पाहायला सांगते. पण त्याआधी एक प्रश्न विचारते: विकणाऱ्याला बहिणी किती, आणि त्यांना कुणी विचारलंय का?