ज्वालामुखीची राखण

टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माणसाने ज्वालामुखीविषयी लेख लिहावा, हे कोणासही विक्षिप्तपणाचे वाटेल. येथे धूर दिसतो तो वाहनांचा, आणि खिडक्यांची तावदाने थरथरतात ती नवरात्रात ढोलताशांच्या आवाजाने. तथापि नाक्यावरून मासुंदा तलावाच्या दिशेने थोडे चालत गेले असता जुन्या बांधकामांत जो काळा पाषाण ठिकठिकाणी दिसतो, तो एके काळी मधासारखा वितळून वाहत होता, ही गोष्ट आमच्या बालवाचकांपैकी किती जणांच्या ध्यानात आली असेल? सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी या भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला, आणि थरावर थर बसत गेले. आज त्या थरांनी झाकलेला मुलूख सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर भरतो. पारसिकचा डोंगर त्यातलाच. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे रूपही त्याचेच. शास्त्रज्ञ यास दख्खनचा ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्द मुळात स्वीडिश भाषेतील जिन्यावरून आलेला आहे.

एवढे आम्ही शाळेत परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याच्या पलीकडे जाण्याचे कारण आमच्या आत्याने दिले.

आत्याचे घर डहाणू तालुक्यात, धुंदलवाडीच्या बाजूस आहे. 2018 सालच्या नोव्हेंबर महिन्यापासून त्या भागात जमीन हादरू लागली. धक्के बहुधा लहान. पण एक झाला, दोन झाले, मग दिवसांत कित्येक होऊ लागले. फळीवरील भांडी खणखणावीत, कौले सरकावीत, भिंतीस तडा जावा, आणि झोपेतील मुलांस उचलून सर्वांनी अंगणात धाव घ्यावी, असा क्रम चालू झाला. 1 फेब्रुवारी 2019 रोजी चार प्रतीहून किंचित मोठा धक्का बसला. थंडीचे दिवस असूनही पुष्कळ कुटुंबे घर सोडून तंबूंत आणि ताडपत्रीखाली निजू लागली. त्यांत आमची आत्याही होती.

आम्ही फोन करून म्हणालो, "आत्या, तू आजच्या आज टेंभी नाक्यावर निघून ये."

ती म्हणाली, "आणि म्हशी कोण बघणार रे? शेजारीपाजारी उघड्यावर झोपलेत, त्यांना टाकून मी एकटी येऊ?" मग थोडे थांबून तिने विचारले, "तू शिकलेला आहेस ना? मग एवढेच सांग. खाली ज्वालामुखी आहे म्हणतात, आज ना उद्या फुटणार, असे कोणीतरी मोबाइलवर पाठवले आहे. खरे का ते?"

"छे, काही नाही, तू स्वस्थ नीज," असे म्हणणे सोपे होते. परंतु जो मनुष्य कुडकुडत उघड्यावर रात्र काढीत आहे, त्याच्या प्रश्नास असले उत्तर देणे आम्हांस लाजिरवाणे वाटले. "विचारून सांगतो," असे म्हणून आम्ही फोन ठेवला, आणि पुढील कित्येक संध्याकाळी जागृत ज्वालामुखी कसा असतो व त्याच्यावर नजर कशी ठेवतात, याच वाचनात घालविल्या.

भारताच्या हद्दीत आज निश्चितपणे जागृत असलेला ज्वालामुखी एकच, आणि तो अंदमानच्या समुद्रात आहे. पोर्ट ब्लेअर, ज्यास 2024 पासून श्रीविजयपुरम म्हणतात, तेथून ईशान्येस सुमारे 140 किलोमीटर गेले की बॅरन बेट लागते. बॅरन म्हणजे ओसाड, वांझ. बेट जेमतेम 3 किलोमीटर रुंद, समुद्रावर साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंच. पण आपल्याला दिसतो तो केवळ शेंडा, पर्वताचे बाकीचे अंग दोन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखाली उभे आहे. मनुष्यवस्ती मुळीच नाही. रानटी झालेल्या शेळ्या मात्र आहेत, आणि हे वाचून आम्हांस त्या बेटाविषयी उगाच आपुलकी वाटू लागली.

या बेटाचा उद्रेक प्रथम नोंदला गेला तो 1787 साली. पुढे 1832 पर्यंत अधूनमधून तो जागा होता; नंतर गप्प झाला तो तब्बल 159 वर्षे! पाच-सहा पिढ्या जन्मल्या आणि गेल्या. ज्यांनी हा डोंगर धुमसताना पाहिला, त्यांची नातवंडेपतवंडेही राहिली नाहीत. 1991 साली तो पुन्हा पेटला. 1994-95 मध्ये पुन्हा, आणि 2005 पासून तर वारंवार. ज्वालामुखी मेला असे म्हणण्याची घाई करू नये, असे शास्त्रज्ञ का सांगतात ते या एका आकड्यावरून आम्हांस कळले.

आता त्याच्यावरील पहाऱ्याविषयी. 23 जानेवारी 2017 रोजी दुपारी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे 'सिंधु संकल्प' हे जहाज या बेटाजवळ समुद्राच्या तळाचे नमुने काढीत होते. तुकडीचे प्रमुख अभय मुधोळकर. अकस्मात डोंगराने राख ओकण्यास आरंभ केला. त्यांनी जहाज सुमारे एक मैल दूर नेले आणि तेथून पाहणे चालू ठेवले. उद्रेक एकसारखा नव्हता. पाच ते दहा मिनिटांचे झटके येत होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसले. सूर्य मावळला तेव्हा कळले की विवरातून लाल शिलारसाची कारंजी उडत आहेत आणि उतारावरून निखाऱ्यांचे ओघळ वाहत आहेत. दिवसाच्या उजेडात हे सर्व तेथे होतेच, फक्त दिसत नव्हते. तीन दिवसांनी, 26 जानेवारीस, बी. नागेंद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली दुसरी तुकडी तेथे गेली, तेव्हाही स्फोट आणि धूर चालूच होता. पाण्याचे व तळाच्या गाळाचे नमुने घेण्यात आले, आणि कोळशासारखे काळे ज्वालामुखीजन्य खडे हाती लागले. आमच्या वर्गात ज्यांस समुद्रावर नोकरी करावयाची इच्छा आहे, त्यांनी हा प्रसंग अवश्य मनात ठेवावा.

पण अशी जहाजे रोज थोडीच जातात? नित्याची राखण निराळ्या रीतीने होते. वैद्य नाडी पाहतो, अंगाचा ताप पाहतो, श्वास पाहतो, येथेही तसेच. शिलारस वर सरकू लागला की खडक तडकतात आणि बारीकबारीक कंप होतात, ते भूकंपमापक टिपतो. डोंगर आतून फुगला की त्याच्या उताराचा कोन केसभर बदलतो, तो मोजता येतो. भेगांतून निघणाऱ्या वायूंत गंधकाचे प्रमाण वाढले, तर ताजा रस जवळ आल्याची ती खूण असू शकते. आणि ज्या बेटावर पाऊल ठेवणे कठीण, त्याची उष्णता आकाशातील उपग्रह अवरक्त किरणांच्या साहाय्याने पाहतात. मध्ये ढग आले की बिचाऱ्यांचा नाइलाज होतो. राखेची वार्ता मात्र ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्राकडून वैमानिकांस कळविली जाते. हजारो किलोमीटरांवरून ही उठाठेव कशास, असे कोणी विचारील. 24 जून 1982 च्या रात्री लंडनहून निघून मुंबईवरून पुढे गेलेले एक मोठे विमान जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. खाली घसरत असता सुदैवाने ती पुन्हा चालू झाली व सर्व प्रवासी वाचले. राखेचा ढग विमानाच्या रडारवर दिसत नाही. म्हणून दुसऱ्या कोणीतरी पाहून सांगावे लागते.

या सर्व वाचनात आम्हांस अधिक मोलाची वाटली ती शांततेच्या काळातील नोंद. व्हेसुव्हियस पर्वतावरची वेधशाळा 1841 साली स्थापन झाली. ज्वालामुखीसाठीच बांधलेली ती जगातील पहिली. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्या मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे सूक्ष्म मापांत बिघाड होणार, हे ध्यानी घेऊन 1904 साली अलिबागेस नवे वेधगृह उभारण्यात आले आणि काही काळ दोन्हीकडे मोजून मगच कुलाब्याची मोजणी बंद केली गेली, की साखळी तुटू नये. आज विशेष काही घडले नाही, असे दररोज लिहून ठेवणाऱ्या त्या लोकांचे आम्हांस फार कौतुक वाटते. डोंगराचे नेहमीचे वागणे ठाऊक नसेल, तर तो केव्हा वेगळा वागू लागला हे कशावरून ओळखणार?

या राखणीने प्राण वाचतात काय? वाचतात. फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वत काही शतके निजला होता. 1991 च्या एप्रिलमध्ये तो वाफ सोडू लागला; शास्त्रज्ञांनी यंत्रे मांडली, वेळेवर इशारा दिला, हजारो लोक हलविले गेले, आणि 15 जूनला तो प्रचंड फुटला तेव्हा त्याच्या पायथ्याची कित्येक गावे रिकामी होती. उलट 13 नोव्हेंबर 1985 रोजी कोलंबियातील नेवादो देल रुईझ फुटला. उद्रेक तसा लहानच. परंतु शिखरावरील बर्फ वितळून चिखलाचा लोंढा रात्री आर्मेरो गावावर आला आणि सुमारे 23 हजार माणसे मेली. आश्चर्य आणि दुःख हे की, लोंढा कोणत्या वाटेने येईल याचा नकाशा आधीच तयार होता. तो नकाशा ज्यांच्या हाती होता ते, आणि ज्यांच्या दाराशी लोंढा आला ते, यांच्यामध्ये कोठेतरी शब्द अडकला. हे वाचल्यावर आत्यास अधिक वेळ ताटकळत ठेवणे आम्हांस बरे वाटेना.

तिच्या प्रश्नाचे उत्तर असे होते. डहाणूच्या भूमीखाली जागृत ज्वालामुखी नाही. आपला काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजून गेला आहे. कोयनेस 11 डिसेंबर 1967 चा मोठा भूकंप झाला. तेथील जमिनीच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी पुढे शास्त्रज्ञांनी गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विंधनविवर खणले. त्यांस सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट. वितळलेला रस नव्हे. मग वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील कुंडे ऊन कशी, असे आत्या विचारणार हे ठाऊक असल्याने तेही शोधून ठेवले होते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारणपणे 25 ते 30 अंशांनी वाढते; पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि तानसेच्या काठी पुन्हा वर येते. त्यास ज्वालामुखीची गरज नाही. डहाणूच्या धक्क्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापक बसविले होते. एका मोठ्या धक्क्याऐवजी लहान धक्क्यांचा थवाच्या थवा येण्याचा हा प्रकार असून, खडकांतील भेगांत पावसाचे पाणी मुरणे हे त्याचे एक कारण असावे, असे तज्ज्ञांचे मत पुढे आले.

हे सर्व आम्ही आत्यास सोप्या शब्दांत सांगितले. ज्वालामुखी नाही म्हटल्यावर ती मोकळेपणाने हसली. मग म्हणाली, "बरे, धक्के केव्हा थांबतील?"

"ते सांगता येत नाही."

"मोठा येईल का?"

"तेही कोणास सांगता येत नाही."

"मग एवढी यंत्रे लावून उपयोग काय रे?"

यावर आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग सांगितले की, धक्के कोठे आणि किती खोल होतात हे यंत्रांमुळे कळते, म्हणूनच खाली ज्वालामुखी नाही असे मी तुला खात्रीने म्हणू शकलो. मोबाइलवर संदेश पाठविणाऱ्यापाशी काय होते? तडा गेलेल्या भिंतीजवळ निजू नकोस, जड भांडी वरच्या फळीवर ठेवू नकोस, कोणी अमुक तारखेस अमुक होणार असे सांगेल तर त्यास विचार, तू यंत्र कोठे लावले होतेस? ती म्हणाली, "हे शेजारी येऊन सांग, माझे कोण ऐकतो." पुढील रविवारी आम्ही गेलो आणि ताडपत्रीखाली बसून जमलेल्या मंडळींस सांगितले. दोघे-तिघे वृद्ध आमच्या बोलण्यावर फारसे संतुष्ट दिसले नाहीत. त्यांस तारीख हवी होती.

आत्याने मात्र एक गोष्ट केली, जी आम्ही तिला सुचविली नव्हती. तिच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत ती दुधाचा हिशेब लिहीत असे. त्याच चौकटींत ती धक्के टिपू लागली. भांडी वाजली तर एक रेघ, दार हलले तर दोन, माणसे बाहेर धावली तर तीन, शेजारी वेळ. ज्या दिवशी काही झाले नाही त्या दिवशी ती चौकट कोरी न सोडता शून्य काढी. कोरी ठेवली तर दिवस शांत गेला की लिहायचे राहिले, हे नंतर कसे कळणार, असे तिचे म्हणणे. कुलाब्याच्या वेधशाळेचे नाव तिने कधी ऐकले नव्हते.

2025 च्या सप्टेंबरात बॅरन बेट पुन्हा धुमसल्याची बातमी आली, तेव्हा आत्या औषधासाठी ठाण्यास आमच्याकडे उतरली होती. चलच्चित्र पाहून तिने विचारले, "तिथे राहते का कोणी?" आम्ही म्हणालो, शेळ्या. "मग त्यांना कोण सांगते?" असे म्हणत तिने पिशवीतून सुतळीने बांधलेल्या जुन्या दिनदर्शिका काढून आमच्या हाती दिल्या. त्या सध्या आमच्या कपाटात आहेत. तिच्या घरी उंदीर फार.