अंगणातला विस्तव

स्वयंपाक ही चार भिंतींआड उरकायची गोष्ट आहे, ही समजूत सदनिकांच्या युगाने आपल्या अंगवळणी पाडली असली, तरी विस्तवाचे खरे नाते आभाळाशी आहे, हे मला नवी मुंबईतील बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधील एका अंगणात, हिवाळ्याच्या संध्याकाळी बिडाच्या तव्यावर बर्गर भाजताना प्रकर्षाने जाणवते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने ९५ गावांच्या परिसरात या नव्या नगराचा आराखडा मांडला आणि भातशेते, मिठागरे संपादनाच्या नोटिशींखाली आली, तेव्हा घरापुढचे अंगणही या नगरातून हद्दपार होणार, हे जवळजवळ विधिलिखित होते. परंतु ऐंशीच्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ही वसाहत रचताना सात-सात घरांच्या मधोमध सुमारे आठ मीटर लांब आणि तितकेच रुंद असे अंगण मोकळे सोडले, आणि अल्प उत्पन्नाच्या माणसालाही आभाळाचा हिस्सा मिळालाच पाहिजे, हा आपला आग्रह प्रत्यक्षात उतरवला.

अशा अंगणात तीन दगड मांडून, बाभळीची वाळकी लाकडे पेटवून आम्ही तवा चढवतो. बीड स्वभावाने संथ. त्यात कर्बाचे प्रमाण दोन ते चार टक्के असल्याने ते शुद्ध लोखंडापेक्षा पुष्कळच कमी तापमानाला वितळते आणि रेतीच्या साच्यात ओतता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील उजाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ती याच ओतकामाच्या बळावर. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच समर्थ, पण जाड आणि वजनदार तव्याने एकदा पोटात घेतलेली उष्णता तो सहजासहजी सोडत नाही; म्हणूनच खाडीवरून वारा सुटून जाळ आडवा झाला, तरी त्याची आच ढळत नाही. आमचा तवा कोकणातल्या घरातून आलेला, घावनांवर मुरलेला. तेलाचे थर तापून तापून त्याच्या अंगी अशी काळी तुकतुकी आली आहे, की चिंच-कोकमाचे आंबट त्यावर कोणी घालू लागले तर माझा जीव कासावीस होतो.

१९९६ साली मॅकडोनाल्ड्सने मुंबईत दुकान थाटल्यापासून बर्गर म्हणजे घाईचे खाणे, हे समीकरण रूढ झाले. या तव्यापुढे मात्र घाईची मात्रा चालत नाही. बोकडाचा खिमा चरबीसह, जाडसर आणि एकदाच काढलेला हवा. मीठ आधी घालून मळले तर मांसातील प्रथिने एकमेकांना धरून बसतात आणि टिक्की चिवट होते, म्हणून ते थापलेल्या टिक्कीवर, तव्यावर टाकण्याच्या क्षणी भुरभुरायचे. टिक्कीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा केला की ती फुगून उंचवटा धरत नाही. तव्याला ती प्रथम घट्ट चिकटते, आणि उलथने घेऊन तिथे बळजबरी करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण खालची बाजू तांबूस-काळी खरपूस झाली की ती आपण होऊन सुटते. हा खरपूसपणा कुठून येतो, याची उकल लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिलेल्या प्रक्रियेत आहे: सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांचा संयोग वेगाने होऊन शेकडो नवे गंध जन्मास येतात. खिम्यात वरचे मांस आत मिसळलेले असते, त्यामुळे जंतूही आत शिरतात. म्हणून टिक्की आतून ७१ अंशांपर्यंत शिजलीच पाहिजे, यात तडजोड नाही. मग सुटलेल्या चरबीत पाव उघडून शेकायचे, कांद्याची चकती आणि लसणीची चटणी ठेवायची.

तोवर शेजारच्या घरांतली मुले चुलीभोवती जमलेली असतात, आणि पहिला पाव कोणाचा, याचा निवाडा वयाने सर्वांत लहान त्याच्या बाजूने लागतो. धुरावरून सातांपैकी एकाही घराने आजवर तक्रार केलेली नाही. उलट कोणी लाकडे आणून देते, कोणी कांदा चिरायला बसते. इमारतींच्या गच्चीवर आणि सोसायटीच्या आवारात विस्तवाला मज्जाव असतो, आणि अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण म्हणूनच नव्या नोडांचे, म्हणजे या नगराच्या नव्या उपनगरांचे, नकाशे मंजूर करणाऱ्यांकडे माझी कळकळीची दरखास्त आहे, की प्रत्येक मोठ्या उद्यानाच्या एका कोपऱ्यात दगडी चुलीचा एक चौथरा, वाळूची एक पेटी आणि पाण्याचा एक नळ, एवढी तरतूद त्यांनी करावी.