मोगरीवाले मामा

आषाढी एकादशी, रात्र

परवा गणिताची चाचणी आहे. सातवीत आल्यापासून पेपर हातात यायच्या आधीच पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात. आई म्हणते, "अभ्यास कर, भीती पळेल." अभ्यास झालाय, भीती इथंच आहे! बाईंनी सांगितलेला उपाय बरा वाटला: श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, ठोके मंदावतात. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही वहीच्या मागे लिहून ठेवलाय.

आज पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघाला. ओढणारे जयघोषात रंगले होते. चाकाखाली मोगरी, म्हणजे रथ आवरायची लाकडी पाचर, लावणाऱ्यांची नजर मात्र चाकावरून हलत नव्हती. एवढा रथ अंगावर येताना त्यांना भीती वाटत नसेल? वाटत असणारच. मामाही मोगरी लावतात. उद्या उपवास सोडायला येतील, तेव्हा विचारते.